शटरखालचे हात

शटरची खालची कड आणि ओट्याचा पत्रा यांच्यामधली फट एक वीत आणि वर चार बोटं एवढी होती. भरलेलं ताट तिच्यातून आडवं सरकत जाई, वाटीतलं सूप न हिंदकळता. आत, शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला उभ्या असलेल्या बाईची नजर त्या फटीतून तिरकी खाली पडे, त्यामुळे पलीकडच्या मुलाचे हात मनगटापर्यंत दिसत, कधी सदऱ्याची शेवटची दोन बटणं दिसत. वाकलं असतं तर हनुवटीही दिसली असती. पण वाकायला वेळ लागतो आणि वाकून पुन्हा सरळ व्हायला कंबर लागते. ती वाकत नसे. हात मात्र तिला पाठ झाले होते. मुळापर्यंत कुरतडलेली नखं, शाईनं कायमची निळी झालेली मधली बोटं, अंगठ्यावर चामखीळ असलेला एक, ताट घेताना उगाच बोटांनी ताल धरणारा एक. तर्जनीच्या मुळाशी भाजल्याचा पांढरट डाग असलेला एक हात होता, भाताच्या शिताएवढा डाग. काही मनगटांवर पिवळा रबरी पट्टा असे. पिवळा पट्टा म्हणजे या मुलाला दूध चालत नाही. त्याला लहान पातेल्यातलं सूप, लाल मुठीच्या डावानं. मोठ्या पातेल्यातलं दूध घातलेलं, लहानातलं बिनदुधाचं. बटाटा इतका शिजलेला असे की दोन्ही सारखीच पांढरी दिसत. पट्टा बघायचा, डाव निवडायचा, ताट सरकवायचं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं आणि विचार करायला लागू नये याचसाठी पट्टे आणलेले होते.

एका संध्याकाळी ती घराजवळच्या दुकानात कपड्यांचा साबण घ्यायला थांबली होती. कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवून म्हणालं, या आमच्या जेवणाच्या मावशी. तिनं वळून पाहिलं. आठ-नऊ वर्षांची मुलगी, पुढचा एक दात अर्धा आलेला, कानामागे घट्ट बांधलेले केस. हा चेहरा तिनं कधी पाहिलेला नव्हता. अशा वेळी करायचं हसू तिनं केलं. तेवढ्यात मुलीनं हातातला बिस्किटांचा पुडा गल्ल्यापाशी ठेवला आणि तर्जनीच्या मुळाशी तो पांढरट डाग दिसला. “अगं, तू होय,” ती म्हणाली. मुलीनं हात चटकन मागे घेतला. आपण चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघून ओळख दिली हे तिच्या उशिरा लक्षात आलं. मुलीच्या आईलाही ते विचित्र वाटलं असावं, पण ती बोलकी बाई होती. हिला दूध अजिबात चालत नाही, एकदा गळा सुजून दवाखान्यात पळवावं लागलं होतं, तेव्हापासून शाळेत पाठवायचं म्हणजे जीव टांगणीला लागतो, असं सगळं तिनं एका दमात सांगितलं. “पण ही म्हणते, आई, तू नको घाबरूस. मावशी बघतात.”

मावशी बघतात. मुलीच्या मनगटावर पट्टा नव्हता. घरी काढून ठेवला असेल, असं तिला आधी वाटलं. पण पट्टा रोज बांधलेला असला की त्याच्या जागी कातडीवर एक फिकट कडं उरतं. ते नव्हतं. मनगट सगळीकडे सारखंच उन्हानं रापलेलं होतं. आई सुट्टे पैसे शोधत होती तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, पट्टा कुठंय. मुलीनं आईच्या पाठीकडे बघून सांगितलं की तो वर्गातल्या मैत्रिणीला दिला, तिला पिवळा रंग आवडतो, आणि तिच्याकडून ही क्लिप घेतली. क्लिप केसांत होती, फुलपाखराची, एक पंख तुटलेला. कधीपासून, तर परीक्षेच्या आधीपासून. मग तू जेवतेस काय, तर वास घेते. दुधाचा आला की सूप तसंच ठेवते, नुसता पाव खाते. “आईला सांगू नका हं,” मुलगी म्हणाली. त्या आवाजात भीतीपेक्षा व्यवहार जास्त होता, जणू आपण दोघी एकाच गुन्ह्यात आहोत. आई वळली, म्हणाली, तुम्ही लक्ष ठेवता, बरं वाटतं. तिनं “हो” म्हटलं. बाकीचं बोलायला जे लागतं ते तिच्यापाशी नव्हतं. खोटं बोलावं असं तिच्या मनात नव्हतं. दिवसभर उभं राहून आल्यावर शेवटचा जिना चढताना पाय जसा उचलत नाही, तशी जीभ उचलली नाही. दोघी निघून गेल्या आणि दुकानदारानं दुसऱ्यांदा विचारलं, तुम्हाला काय हवंय.

घरी चालत येताना तिनं ते नीट मांडून बघितलं. तो हात तिला पाठ होता. त्या हातावर पट्टा असायचा हेही पाठ होतं. मग एक दिवस तोच डाग, तेच बोट, पट्ट्याशिवाय पुढे आलं आणि तिच्या हातानं मोठ्या पातेल्यातला डाव उचलला. नंतर रोज उचलला. शेजारच्या हातावर, जिथं कधीच पट्टा नव्हता तिथं, तो दिसला तेव्हा लाल मूठ उचलली. आपण चुकलो असं तिला म्हणताही येईना. नियम पट्टा बघायचा होता आणि तिनं तो पाळला होता. डोळ्यांनी डाग पाहिला, डोळ्यांनीच पट्टा नसल्याचं पाहिलं, आणि या दोन गोष्टी डोक्यात जिथं एकमेकींना भेटायला हव्या होत्या तिथं कुणी नव्हतं. ती मुलगी वास घेत होती. रोज, ताट समोर आल्यावर, वाकून. तिच्यासाठी बघण्याचं काम ती स्वतःच करत होती आणि घरी सांगत होती, मावशी बघतात.

नवऱ्यानं दार उघडलं. तो छापखान्यात पहिल्या पाळीला जाई, त्यामुळे तिच्या आधी घरी असे, आणि संध्याकाळचा स्वयंपाक बऱ्याच वर्षांपासून त्याच्याकडेच होता. दिवसभर रांधून आलेल्या बाईला घरीही चुलीपुढे उभं करणं म्हणजे शिंप्याला सुट्टीच्या दिवशी फाटका शर्ट देणं, असं तो म्हणे. तिनं पिशवी ठेवली आणि मुद्दाम त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुद्दाम पाहावं लागायचं कारण मागच्या महिन्यात घडलं होतं. तो ताट वाढत होता आणि ती त्याच्या हातांकडे बघत होती. बोटांच्या पेरांत शाई असते, ती धुऊनही जात नाही. त्यानं विचारलं, काही वेगळं दिसतंय का. नवी वाटी आहे का, असं ती म्हणाली. “मिशी काढली,” तो म्हणाला. “परवा.” लग्नाच्या आधीपासूनची मिशी. “तुझ्या ताटात पडली असती तर दिसली असती,” असंही म्हणाला, आणि दोघं हसले, तो जास्त वेळ. मग त्यानं तिच्याकडे न बघता भांडी उचलली. मिशी आता पुन्हा अर्धी उगवली होती. ती त्या अर्ध्या मिशीकडे बघत राहिली तेव्हा तो म्हणाला, आता काय, आणि ती म्हणाली, काही नाही.

जेवताना बहिणीचा फोन आला. धाकटी बहीण पडदे शिवून द्यायची, तिचं काम वाढलं होतं आणि विश्वासाचं माणूस हवं होतं. गेल्या थंडीत तिनं पहिल्यांदा विचारलं, आणि तेव्हापासून दर आठवड्याला विचारत होती. पडद्याला चेहरा नसतो, बडबड नसते, कडा सरळ आली की झालं. आज ती वैतागलेली होती. “ताई, हो म्हण नाहीतर नाही म्हण. वाळत घातलेला कपडासुद्धा संध्याकाळी काढतात गं.” ती म्हणाली, सांगते. नवऱ्याचंही विचारून झालं होतं. सोडायचं तर सोड, मुख्य व्हायचं तर मुख्य हो, पण झोपेत दात खाणं बंद कर, एवढंच त्याचं म्हणणं. मुख्य व्हायचं हे दुसरं लोंबकळतं होतं. आधीच्या मुख्य आक्का काम सोडून गेल्यापासून शाळेच्या स्वयंपाकघराला मुख्य नव्हतं, आणि देखरेख करणारा तिला सांगत होता की तुम्हीच आहात, फक्त हो म्हणायचं राहिलंय.

आक्का होत्या तेव्हा पाच जण होते. शटर पूर्ण वर असे, इतकं वर की ते आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. आक्का जाड भिंगाच्या चष्म्यावरची वाफ पदरानं पुसत वाढायच्या आणि वाढताना ताटाकडे कधीही बघत नसत. ताटात काय पडतंय ते हाताला कळतं, म्हणायच्या, डोळे पोराच्या तोंडावर पाहिजेत. पोट भरलंय की नाही ते ताट खोटं सांगेल, तोंड नाही सांगणार. रडून आलेला कोण, सकाळी काही न खाता आलेला कोण, ताप अंगावर काढत असलेला कोण, हे त्या एका डावाएवढ्या वेळात ओळखत. एकदा एका मुलाचे डोळे बघून त्यांनी त्याला रांगेतून काढून थेट वर्गाच्या बाईंकडे पोचवलं होतं आणि संध्याकाळपर्यंत त्याला गोवर निघाला. ती आक्कांच्या शेजारी उभी राहून हे शिकली. शिकली म्हणजे कुणी शिकवलं नाही, अंगाला लागलं. त्या दिवसांत काम कमी नव्हतं. घरी गेल्यावर पाय तेव्हाही सुजत. पण सुजलेल्या पायांनी ती नवऱ्याला आज कोण काय म्हणालं ते सांगत असे, आणि तो म्हणे, तुझ्या पोरांची नाटकं ऐकून माझा भात करपला.

मग स्वयंपाकघराचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं. पाचाचे चार झाले, आणि आक्कांचं मनगट कामातून गेल्यावर तीन: ती, भाज्या चिरणारी एक तरुण मुलगी आणि भांडीवाले काका, ज्यांना सगळे मुनी म्हणत कारण ते दिवसाला पाचसहा शब्दांच्या वर जात नसत. जेवणाच्या दोन सुट्ट्यांची एकच सुट्टी झाली. देखरेख करणारा रोज भिंतीला टेकून रांग बघे. आक्कांनी जायच्या आधी त्याचं नाव ‘घड्याळ’ ठेवलं होतं. घड्याळ वाईट माणूस नव्हता. त्याचंही एक मूल कुठल्याशा शाळेत असंच रांगेत उभं असे आणि त्याच्या वरही कुणीतरी भिंतीला टेकलेलं होतं. त्यानं बघितलं की रांग अडते ती बोलण्यानं. मुलं काहीतरी सांगतात, बायका काहीतरी विचारतात. बोलू नका असं सांगून काही होत नव्हतं. तेव्हा एका सकाळी त्यानं आकडी लावलेल्या काठीनं शटर खाली ओढलं, फट किती ठेवायची ते एक रिकामं ताट धरून ठरवलं आणि खाली लाकडाचे दोन ठोकळे लावले.

रांग हलायला लागली. हे खरं होतं आणि ती ते नाकारत नव्हती. दुसरं एक खरं तिनं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. शटर खाली आलं त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. आक्का नुकत्याच गेल्या होत्या, दोघींचं काम एकीच्या अंगावर होतं, मोठं पातेलं एकटीनं कलतं करताना डोळ्यांपुढे काजवे चमकत, आणि त्यानंतर खिडकीत उभं राहून एवढ्या तोंडांना तोंड द्यायचं. प्रत्येक तोंड काहीतरी मागत होतं, सूप सोडून काहीतरी. शटर खाली आल्यावर तिला हसावं लागेना. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर डोळे जसे निवतात तसा तिचा चेहरा निवला. चिरणारी मुलगी चिडली होती, म्हणाली, मावशी, हे काय, आपण काय तुरुंगात आहोत. ती म्हणाली होती, असू दे गं. आता तिला वाटत होतं की त्या ‘असू दे’च्या मागोमागच बाकी सगळं खाली आलं असावं, हळूहळू, आवाज न करता: नवऱ्याची मिशी, जिभेवरची चव, सकाळी शाळेच्या फाटकातून आत जाताना पूर्वी छातीत जे थोडंसं हलायचं ते. आणि तरीही मनाच्या तळाशी तिनं एक समजूत जपून ठेवली होती की हा सगळा दोष शटरचा आहे. ते वर गेलं की आतलं जिथल्या तिथं असेल, झाकण काढल्यावर भांड्यात असतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्ट्या पेटवायच्या आधी तिनं घड्याळाला गाठून पट्ट्यांबद्दल सांगितलं. तो ऐकता ऐकता पांढरा पडला. त्यानं लगेच वर्गाच्या बाईंना गाठलं. पट्टा मैत्रिणीच्या हातून निघून मुलीच्या हातावर परत गेला, बाई मुलीच्या आईलाही आजच कळवणार होत्या. मुलीनं मागितलेलं वचन तिनं मोडलं होतं. परत येऊन तो म्हणाला, उद्यापासून न निघणारे पट्टे मागवतो, कात्रीनंच कापावे लागतील असे. ती म्हणाली, शटर वर घेऊया, तोंड दिसलं असतं तर हे झालं नसतं. तो तिच्या मागच्या भिंतीकडे बघत म्हणाला, ताई, तीन माणसांत शटर वर घेतलं तर शेवटची पोरं उपाशी राहतील, त्याचं काय. त्याच्या म्हणण्यात चूक नव्हती. तीन माणसांत दोन्ही गोष्टी होत नव्हत्या. पोट भरणं किंवा बघणं. हे त्याला माहीत होतं आणि त्याच्या वरच्यांना माहीत नव्हतं किंवा होतं. न निघणारे पट्टे, असं तो पुन्हा म्हणाला आणि गेला.

सूप तयार झालं. मोठं पातेलं, लहान पातेलं, लाल मूठ. जेवणाच्या खोलीत बाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. तिनं ठोकळे काढले आणि कोपऱ्यातली काठी घेतली. शटर गंजलं होतं, एका बाजूनं उचलत होतं, दुसरीकडून अडत होतं. मुनी सिंकपाशी होते. त्यांनी हातातली घासणी खाली ठेवली, ओले हात कडेखाली घातले आणि खांद्यानं रेटा दिला. कर्रकन आवाज होऊन शटर वर गेलं. “तेल पाहिजे,” मुनी म्हणाले, आणि दिवसाचे एक तृतीयांश शब्द खर्च करून सिंककडे परतले. चिरणारी मुलगी ओल्या हातांनी टाळ्या वाजवायच्या बेतात होती, पण तिच्याकडे बघून थांबली.

समोर चेहरे होते. उजेड त्यांच्या मागून येत होता म्हणून पहिल्यांदा ते काळसरच दिसले, मग एकेक उलगडत गेला. अंगठ्यावर चामखीळ असलेल्या हाताला तिनं मनातल्या मनात गुबगुबीत, खट्याळ तोंड लावून दिलेलं होतं. प्रत्यक्षात तो लांबट, गंभीर मुलगा निघाला, डोळ्यांखाली सावल्या असलेला. ताल धरणारी मुलगी होती, मुलगा नव्हे. शाईच्या बोटाला चष्मा होता. सगळे तिच्याकडे बघत होते. ती वाढत होती आणि वाट बघत होती. आक्कांच्या शेजारी उभी असताना जे आपोआप यायचं ते येण्याची. अंधारात आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ते सपाट जमिनीवर आपटावं, तसं काहीतरी प्रत्येक चेहऱ्यापाशी होत होतं. गंभीर मुलाच्या डोळ्यांखालच्या सावल्या तिला दिसल्या. त्या आहेत एवढंच कळलं. पूर्वी अशा सावल्यांनी तिचा हात थांबला असता. हात थांबला नाही. तिनं हसून पाहिलं. ओठ बरोबर जागी गेले, पण त्यांच्या मागे कुणी आलं नाही.

भाजल्याच्या डागाचा हात पुढे आला. वर पट्टा, आणि त्याच्याही वर कालचा चेहरा, अर्धा दात, रागावलेला, कारण बाई आईला सांगणार होत्या. तिनं लाल मुठीचा डाव उचलला, लहान पातेल्यात बुडवला, वाटी भरली. मुलगी सवयीनं वाकून वास घ्यायला लागली, मग थांबली आणि तिच्याकडे बघत राहिली. मागे रांग चुळबुळायला लागली.

“मावशी, तुम्ही आजारी होता का?”

“नाही गं. का?”

“मग कुठं होता? आम्हाला वाटलं, तुम्ही सोडून गेलात. काल दुकानात बघितलं तेव्हा कळलं, इथंच राहता.”

“मी इथंच होते. या शटरच्या मागे.”

मुलीनं शटर जिथं होतं त्या हवेकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नसावा. मागचा चामखीळवाला मुलगा म्हणाला, नाही, त्या वेगळ्या होत्या, त्या बोलायच्या नाहीत. आणखी एकानं सांगितलं की ते यंत्र होतं, त्याच्या दादानं सांगितलंय. मुलं हसली. ती हसली नाही. वाईट वाटलं असंही नव्हतं. एखाद्या मोजमापाचं उत्तर आपल्याला येत होतं तेच दुसऱ्या कुणाला, वेगळ्या बाजूनं मोजून, यावं, तसं तिला झालं. शटरमागे ती नव्हतीच, हे या मुलांनी तिच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. पट्ट्याशिवाय, हातांवरून. फटीतून बाहेर येणारे तिचे हात.

घंटा झाली तेव्हा रांगेचं शेपूट अजून दाराबाहेर होतं. घड्याळ बाकांमधून वाट काढत खिडकीपाशी आला. त्यानं आधी शटरकडे, मग रांगेकडे पाहिलं. मुलांसमोर आवाज चढवायचा नाही एवढं तो पाळत असे. घाम पुसत, जवळजवळ कुजबुजत तो म्हणाला, “ताई, खाली घ्या ना ते. मी तुमच्या बाजूनंच आहे. मुख्य म्हणून तुमचं नाव आज सकाळीच वर कळवलं. तुमचं हो धरूनच चाललोय मी.”

तिनं पुढचं ताट भरलं, सरकवलं, पुढचं घेतलं. बहिणीच्या दुकानातल्या पडद्यांच्या सरळ कडा तिच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि तिथंही आपण हे रिकामेपण घेऊनच जाणार आहोत हे तिला स्वच्छ दिसलं. ते कुठं तरी खाली ठेवावं लागेल, आणि त्याला इथं मिळणार नाही एवढा वेळ लागेल. चिरणारी मुलगी सुरी हातात धरून थांबली होती. मुनींनी नळ बंद केला. भाजल्याच्या डागाची मुलगी ताट घेऊन अजून बाजूलाच उभी होती, आणि आज पहिल्यांदाच वास न घेता तिनं चमचा तोंडात घातला. त्या चमच्याकडे बघता बघता तिनं डाव पातेल्याच्या कडेवर आडवा ठेवला. दोन्ही हात ओट्यावर टेकले. कंबर दुखत होती तरी ती खिडकीतून थोडी पुढे वाकली, घड्याळाचा चेहरा नीट दिसेपर्यंत. तो तिला वाटत होता त्यापेक्षा बराच तरुण होता.

“माझं नाव काढा,” ती म्हणाली. “मी हे काम सोडतेय. या महिन्याच्या शेवटापर्यंत येईन, आणि मी येतेय तोवर हे शटर वर राहील.”